गुळव्याची जीभ

"गूळ आन् साखर एकच, असं कसं म्हणता तुम्ही?"

भरमू मगदूमचा आवाज जरा चढलाच.

मठ चालवणाऱ्या अक्का ओसरीवर अंबाडी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"साखर कारखान्यातनं येती, अक्का. गूळ माझ्या हातातनं येतोय. माझ्या बापानं काढला, मी काढतोय. गुळानं कुणाचं वाईट झाल्यालं मी बघितलं न्हाई."

"जिभेला ती दोन आहेत," अक्का म्हणाल्या. "रक्ताला एकच."

"रक्ताला चव कळती व्हय?"

"नाही कळत. म्हणून तर."

भरमूनं उपरण्यानं कपाळ पुसलं. त्याला पटलं नव्हतं.

दूधगंगेच्या काठानं भरमू गुळव्या कोण, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस आटत असायचा, भोवतीची माणसं घामानं निथळत असायची, आणि भरमू कडेला उभा राहून नुसता बघत असायचा. जाळ केव्हा कमी करायचा, काहील केव्हा उतरवायची, हे त्यानंच सांगायचं. पाक निवायला वाफ्यात ओतला, की घट्ट होत आलेल्या गुळाचा एक खडा लाकडी उलथण्यावरून त्याच्यापुढं यायचा.

भरमू तो जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा.

तेवढा वेळ गुऱ्हाळात कुणी बोलत नसे...

मग तो सांगायचा, हा ऊस नदीकाठचा. हा माळावरचा. ह्याला तोडायच्या तोंडावर पाणी पाजलंय, नको म्हटलं होतं मी. आणि ते खरं निघायचं. त्यानं मान हलवली, की मगच ढेपा बांधायला घेत. गुऱ्हाळाचे मालक बाबगोंडा पाटील, पण तेही त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघत उभे असत.

त्या सगळ्यांच्या गप्प उभं राहण्यात भरमूचा मान होता.

गेल्या हंगामात एका सकाळी त्याच्या नाकाला जळका वास आला. पाक करपला असं वाटून तो जाळ घालणाऱ्यावर ओरडला. तो म्हणाला, "मामा, जाळ तर कमीच हाय." वास वाढतच होता. भरमू काहिलीत बघत होता, आणि पाक तर सोन्यासारखा होता.

मग कुणीतरी खाली बोट दाखवलं.

भरमूच्या पायाखाली निखारा होता. त्याला कळलंच नव्हतं.

पायाचं एक बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातली साखर फार वाढलीय, बरीच वर्षं वाढत आली असणार. पायाची जाणीव त्यानंच गेली. गोळ्या लिहून दिल्या. गोड बंद म्हणाले.

"गूळ चालंल न्हवं?" भरमूनं विचारलं.

"गूळसुद्धा नाही."

भरमूला ते डॉक्टर कच्चे वाटले.

घरी बायकोनं, मालूनं, गुळाचा डबा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. मुलगा कुबेर पुण्याहून येऊन बोट टोचून साखर मोजायचं छोटं मशीन देऊन गेला. भरमूनं त्याची पेटीसुद्धा उघडली नाही. दुपारी मालूचा डोळा लागला, की हा शेजारच्या घरी जाऊन वाटीभर काकवी मागून घ्यायचा, आणि तिथंच परसात उभ्यानं खायचा. चोरासारखा.

दिवाळी झाली. ऊस तोडीला आला. पाटील घरी आले. बिनसाखरेचा चहा प्याले. भरमूच्या पायाकडं एकदा बघून म्हणाले, "भरमू, औंदा जरा इसावा घे."

इसावा म्हणजे काय, ते भरमूला बरोबर कळलं.

म्हणून तो टेकडी चढून मठात आला होता. औषध मागायला नव्हे. अक्कांनी एकदा एवढंच म्हणावं, की गुळानं काही होत नाही. अक्कांचा शब्द मालू मोडणार नव्हती. पाटीलही मोडणार नव्हते.

अक्कांनी अंबाडीची देठं बाजूला सारली.

"ते मशीन आणलंयस?"

"मालूनं पिशवीत घातलंया."

"आणि जीभ?"

भरमूला ती थट्टा वाटली. पण अक्कांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"मोठी नामांकित आहे म्हणतात तुझी जीभ. मग रहा इथं थोडे दिवस. मी ताट वाढेन. पहिला घास घेतलास, की जिभेला विचार, हे आत जाऊन काय करणार. नंतर रक्ताला विचारू. जिभेचं खरं निघालं, तर मी स्वतः खाली येऊन मालूला सांगेन... गूळ दे म्हणून."

"आन् न्हाई निघालं तर?"

अक्का भाजीची पाटी उचलून आत गेल्या. उंबऱ्यावर थांबल्या.

"डॉक्टरांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. त्यात मी हात घालत नाही."

भरमू मनातल्या मनात हसला. जिभेची पैज आणि ती गुळव्याशी.

सकाळी स्वयंपाक करणाऱ्या गंगव्वानं त्याच्यापुढं वाडगा ठेवला. तांदळाची पेज. वर मिठाची चिमूट.

भरमूनं घोट घेतला.

"ह्यात काय हाय? निव्वळ पानचट. आजाऱ्याला देत्यात. ह्यानं काय चढणार?"

ओसरीतलं ऊन दुसऱ्या खांबापर्यंत सरकलं, तेव्हा त्यांनी खूण केली. भरमूनं बोट टोचलं. मशीनवर आकडा उमटला.

त्यानं तो दोनदा वाचला.

"मशीन बिघडलंया."

"असेल," अक्का म्हणाल्या.

त्यांनी गंगव्वाला बोलावलं आणि तिचं बोट टोचलं. तिचा आकडा डॉक्टरनं कौतुक करावं असा होता, आणि तिनंही सकाळी पेजच घेतली होती. पण वाडगाभर नव्हे. भाकरी आणि पिठल्यानंतर, घोटभर.

भरमूनं मशीन उलटं करून बघितलं. पुसलं. पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या वेळेला भडंग आला. लसूण, लाल तिखट, कढीपत्ता. भरमूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झणझणीत हाय. तिखटानं साखर उतरती, ही मी पैज मारतो. कारलं जसं."

साखर उतरली नाही. भडंगातल्या चुरमुऱ्यांनी ती पेजेसारखीच वर नेली.

त्यानंतर पिकलेला पेरू आला, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे. पेरू इतका गोड होता, की भरमूनं पहिल्या घासालाच फोड खाली ठेवली.

"ह्यानं चढणार, अक्का. हे मला कुणी शिकवायला नको."

"खा."

तो खाऊन, हात धुऊन, खांबाकडं बघत बसला. ऊन आज मुद्दाम हळू सरकतंय असं त्याला वाटलं. बोट टोचलं.

आकडा जेमतेम हलला होता.

त्या संध्याकाळी भरमू मठाच्या कट्ट्यावर पाय खाली सोडून खालची नदी बघत बसला. काठानं गुऱ्हाळं उभी राहिली होती. अजून धूर नव्हता.

मग आली भाकरी. आधी नुसती, लसणाच्या चटणीबरोबर. आकडा चांगलाच वर गेला. दुसऱ्या दिवशी तीच जोंधळ्याची भाकरी, पण अक्कांनी ती लगेच वाढलीच नाही. पहिल्यांदा अंबाडीची भाजी. मग मटकीची उसळ. ते निम्मं संपल्यावर भाकरी. वर ताक. जेवण झाल्यावर, "जा, तळ्याला दोन फेऱ्या मारून ये. सावकाश. पायात वहाणा घालून."

भरमू फेऱ्या मारून आला. बोट टोचलं. बघत राहिला.

"भाकरी दुसरी हुती?"

"तीच."

"पीठ?"

"तेच."

"मग?"

"आधी कोण आत गेलं... ते बघ."

भरमू खांबाला टेकून बसला. त्याच्या मनात गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं होतं. आयुष्यभर त्यानं जाळ घालणाऱ्याला ओरडून सांगितलं होतं, उसाची वाळली चिपाडं एकदम कोंबू नको, भडका होतोय. मधी ओलं लाकूड सार. दमानं पेटू दे.

"अक्का," तो म्हणाला. "पेज म्हंजी वाळली चिपाडं. टाकली की भडका. चुरमुरं बी तसलंच. भाजी आन् उसळ आधी गेली, की भाकरीला दमानं जळावं लागतंय. असंच न्हवं?"

"हं."

"मला आधीच कुणीतरी असं सांगायला पायजे हुतं."

अक्का त्याच्याकडं बघत होत्या.

"आणि गूळ?"

भरमूच्या तोंडावरचं तेज उतरलं. त्यानं बोटानं शेणाच्या सारवणावर रेघ ओढली. पुसली.

"गूळ..." तो म्हणाला. "गूळ म्हंजी रॉकेल."

बोलला, आणि त्याचे डोळे भरून आले. ज्या बापानं त्याला काहिलीच्या कडेला उभा केला, त्याच्या तोंडावर आपण वाईट बोललो, असं त्याला वाटलं.

अक्कांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला.

"माझी जीभ खोटं बोलत आली, अक्का. जल्मभर."

"खोटं नाही बोलली. ती दारात बसते. दारात बसणाऱ्याला कोण आलं ते कळतं. आत जाऊन त्यानं काय केलं, ते कसं कळावं?"

"तुम्हांला कसं कळालं?"

अक्कांनी रिकामा तांब्या ओढून घेतला.

"मठाच्या जुन्या अप्पांना, आधीच्या स्वामींना, हेच होतं. आम्हांला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. उपासाला साबुदाणा द्यायचो, पथ्याला पेज द्यायचो... साधं अन्न म्हणून. शेवटी त्यांचे डोळे गेले. मग एका डॉक्टरीणबाईंनी बसून सगळं समजावलं. तोवर उशीर झाला होता. पण मी शिकून घेतलं."

"कुणासाठी?"

अक्का हसल्या.

"तू आलास की."

दोन दिवसांनी मालूचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. पायाला तेल लावता का म्हणाली. मग गप्प झाली.

"काय झालं?" भरमूनं विचारलं.

"पाटलांनी कऱ्हाडकडचा गुळव्या आणलाय. आज चुलवाण पेटणार."

भरमू बरं म्हणाला. फोन ठेवला.

दुपारी गंगव्वानं ताट वाढलं. अंबाडी होती, मटकी होती, सगळं शिकल्याप्रमाणं होतं. भरमूनं ताटाला हात लावला नाही. ऊन पुढच्या खांबावर सरकलं, तेव्हा सवयीनं त्यानं बोट टोचलं.

आकडा वर गेला होता. पेज प्यायल्यासारखा.

तो मशीन घेऊन अक्कांकडं गेला.

"आता तुम्हीच सांगा. कायबी खाल्लं न्हाई. पाणी पिलो, तेवढंच. मग हे कशानं?"

अक्कांनी आकडा बघितला. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"खाल्लंयस की," त्या म्हणाल्या. "फोनवर ऐकलंस ते."



भरमू तिथंच, ओसरीच्या पायरीवर बसला. गंगव्वा न बोलता ताक आणून ठेवून गेली, आणि थोड्या वेळानं भाकरी. अक्कांनी त्याला जेवायला लावलं. तो जेवला. चव लागली नाही.

दिवेलागणीला नदीकाठी पहिला धूर दिसला. पाटलांच्या गुऱ्हाळाचा. वारा टेकडीकडं होता. उकळत्या रसाचा वास मठाच्या आवारात आला.

भरमू कट्ट्यावर जाऊन उभा राहिला. अक्का दिवा लावून बाहेर आल्या आणि जरा अंतरावर थांबल्या.

"पाच मिनटं लवकर उतरवली काहील," तो म्हणाला. "वासावरनं कळतंय."

अक्का ऐकत होत्या.

"लहान हुतो मी. पहिल्या काहिलीचा गूळ. बा वाफ्यातनं बोटावर घ्यायचा, फुंकायचा आन् माझ्या जिभेवर ठेवायचा. गरम. त्याच्या बोटाला धुराचा वास असायचा. आजवर शेकड्यानं काहिली चाखल्या असत्याल मी, अक्का. पर दर हंगामाची पहिली काहील चाखली, की मला वाटायचं, बा हितंच हाय... फुंकर मारतोय."

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"पेजेचं कळालं. भडंगाचं कळालं. कशानं किती चढतंय, ते बी कळालं. गोड खायचं न्हाई, हे आता मला दुसऱ्यानं सांगायला नको. पर कळून बी आत वढ लागतीया. कळालं की जायला पायजे हुती न्हवं? ही वढ कवा जाती?"

अक्का धुराकडं बघत उभ्या होत्या.

वारा फिरला. वास गेला.

अक्का वळल्या आणि आत गेल्या.

भरमू सकाळी घरी गेला. त्यानं आधी भाजी मागितली, मग भाकरी, तेव्हा मालू त्याच्याकडं बघतच राहिली. शेजारच्या परसात तो पुन्हा गेला नाही. एकदा गेला. दारापासून परत आला. जेवल्यावर वहाणा घालून ओढ्यापर्यंत चालायचा. रोज संध्याकाळी मालू त्याचे तळवे दिव्याजवळ धरून बघायची, कुठं काही टोचलं-भाजलंय का. पायाची जुनी जखम वाळली. डॉक्टरांनी तपासणीचा कागद बघितला आणि पहिल्यांदाच त्याला खुर्ची दाखवून बस म्हणाले.

सगळं ठीक चाललं होतं. फक्त वारा नदीकडून असला, की भरमू घरात बसायचा आणि मालूला खिडकी लावायला सांगायचा.

एके दिवशी दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. हातापायाला राख, डोळे लाल.

"मी कऱ्हाडचा गुळव्या," तो म्हणाला. "मामा, पाटलांनी पाठवल्यालं न्हाई. मी आपणहून आलोय. हितला गूळ बांधंना झालाय. पाऊस लांबला, उसात पाणी ऱ्हायलंय. ढेप धरली की हाताला चिकटती. मला ही माती कळत न्हाई. तुम्ही या."

भरमूनं मालूकडं बघितलं. मालूनं कुबेरनं आणलेले जाड तळाचे बूट आणून त्याच्या पायापाशी ठेवले आणि ती बरोबर निघाली.

गुऱ्हाळात त्याला खुर्ची दिली, चुलवाणापासून लांब. पाटील आले आणि मागं उभे राहिले. भरमू काहिलीजवळ गेला नाही. त्यानं डोळे मिटले आणि उकळण्याचा आवाज ऐकला.

"जाळ वढा," तो म्हणाला. "आणखी... आता थांबा."

आवाज बदलत गेला. वास बदलत गेला. त्यानं पाण्याचं भांडं मागवलं. पाकाचे दोन थेंब त्यात टाकायला लावले, बोटांत धरून त्यांची गोळी केली, भांडं कानाजवळ धरून ती त्याच्या कडेवर मारली, आवाज ऐकला. पुन्हा थांबा म्हणाला. काहील धरून उभ्या माणसांचे हात अवघडले. कऱ्हाडचा गुळव्या श्वास धरून उभा होता.

"उतरवा."

पाक वाफ्यात पडला. पसरला. हळूहळू त्याच्यावर साय धरावी तसा तजेला आला, आणि तो बांधू लागला.

कुणीतरी सवयीनं उलथण्यावर खडा घेतला आणि भरमूपुढं धरला.

गुऱ्हाळ गप्प झालं.

मठाच्या भंडाऱ्यासाठी दर हंगामाला गूळ न्यायला अक्का येत. त्या दिवशी त्या आल्या होत्या, गंगव्वाला घेऊन, आणि मालूच्या शेजारी उभ्या होत्या. भरमूला त्या आत्ता दिसल्या.

त्यानं खडा बोटांत घेतला. गरम होता. वास सरळ नाकात शिरला.

"चाख की भरमू," पाटील हळूच म्हणाले. "एवढ्याशानं काय होतंय?"

खरंच होतं ते. एवढ्याशानं काही होत नाही. पण भरमूच्या आयुष्यात एवढंसं कधी एवढंसं राहिलं नव्हतं. त्याचा हात तोंडापर्यंत गेला. थांबला. ओठांपाशी गुळाची ऊब लागत होती.

मालूनं पदर तोंडाशी धरला होता.

भरमूचा हात खाली आला. तो उठला, बूट सांभाळत चालत गेला आणि त्यानं तो खडा अक्कांपुढं धरला.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "माझ्याच्यानं सांगवायचं न्हाई."

"अक्का..." गंगव्वा दबक्या आवाजात म्हणाली. मग भरमूकडं वळली. "त्या गोड खात न्हाईत. मठात आल्या त्या दिवसापास्नं. तरण्या हुत्या तवा. सोडलंय त्यांनी."

भरमूनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"मला ठावं नव्हतं, अक्का. चुकलं."

अक्कांनी तळहात पुढं केला.

तो तसाच पुढं राहिला. भरमूला त्यांच्या हाताकडं बघवेना, आणि दुसरीकडंही बघवेना. शेवटी त्यानं खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

अक्कांनी त्यावर फुंकर मारली, आणि तो जिभेवर ठेवला.

त्यांनी डोळे मिटले.

सगळे थांबले होते. पाटील, कऱ्हाडचा गुळव्या, जाळ घालणारा, मालू. भरमूनं आजवर हे थांबणं दुसऱ्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. अक्कांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकदा आवळल्या, आणि मग सैल झाल्या.



"कसा झालाय?" भरमूनं विचारलं.

अक्कांनी डोळे उघडले.

"इतकी वर्षं आठवत होता... तसाच आहे."